नऊ रेघा, एक खोली

मुंगी एरवी चपला भिरकावून घरात शिरते. त्या सोमवारी तिने चपला काढल्या, जोडीने भिंतीला लावल्या आणि मग दप्तरातून चार घड्या घातलेला कागद काढला. माझी लेक आठ वर्षांची आहे. चार घड्या घालाव्या लागतात असं त्या कागदात काय असेल, ते मला न उघडताच कळलं.

नऊपैकी शून्य.

डाव्या बाजूला नऊ वस्तूंची चित्रं होती. पलंग, शेगडी, बादली, पुस्तकं, आरसा, खुर्ची, ताट, दिवा, चपला. उजव्या बाजूला पाच नावं: बैठकीची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, अभ्यासाची खोली. रेघा मारून जोड्या लावायच्या. मुंगीने नऊच्या नऊ रेघा बैठकीच्या खोलीत नेऊन सोडल्या होत्या, पट्टीने, सरळ, पंख्याच्या पात्यांसारख्या. खाली लाल शाईत लिहिलं होतं, ‘सर्व रेघा एकीकडे, म्हणून गुण नाहीत. वर्गीकरणाची संकल्पना अस्पष्ट. पायाभूत गटासाठी शिफारस.’ आणि टाचणीने दुसरा कागद लावला होता. पालकांचं संमतिपत्र. गुरुवारपर्यंत सही करून पाठवा.

पायाभूत गट म्हणजे काय ते आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या शिवणवालीची थोरली दोन वर्षं त्या गटात आहे. शाळेच्या मागच्या बाजूला, सायकली लावतात त्याच्या पलीकडे एक खोली आहे, तिथे ही मुलं बसतात. गेल्या वर्षीचंच पुस्तक पुन्हा. विज्ञानाच्या खोलीची किल्ली त्यांच्यासाठी निघत नाही. शिवणवाली म्हणते, ‘पाया खणून ठेवलाय नुसता. भिंत काही उठत नाही.’ तिथून परत वर्गात आलेलं मूल ऐकिवात नाही.

मला आधी राग आला तो मुंगीचा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आला.

“अगं, शेगडी कधी बैठकीच्या खोलीत असते का?”

“असते की.” तिने बोट दाखवलं. शेगडी तिच्यापासून दोन हातांवर होती.

“आणि पलंग?”

“तो पण.” आमचा पलंग म्हणजे सासूबाईंची घडीची लोखंडी खाट. दिवसा भिंतीला उभी असते, तिच्यावर टॉवेल वाळतात.

“मग ही झोपायची खोली नाही का?”

“झोपल्यावर असते. आत्ता कुठे कोण झोपलंय?”

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बरोबर बोलतेय पोर. मी इतकी वर्षं या घरात स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत जाते, कधी उठावंसुद्धा लागलं नाही.”

“तुम्ही मध्ये बोलू नका हो आई. मुंगे, बादली? बादली तरी न्हाणीघरात लावायची.”

“न्हाणीघरात ठेवली की जाते. तूच म्हणतेस.”

मीच म्हणते. न्हाणीघर मजल्याच्या टोकाला आहे, आठ घरांत एक. तीन बादल्या गेल्यावर मी चौथी दारामागे ठेवायला लागले.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. “बाईंना काय हवंय ते कळत नाही का तुला? एवढं साधं?” मुंगी रडली नाही. तिने नऊ रेघांकडे बघितलं, जणू त्यातली एखादी रेघ वाकडी झाली होती आणि तिला ती सापडत नव्हती.

मी पदवीपर्यंत शिकलेली बाई आहे. मुंगीच्या आधी एका कचेरीत कामाला होते. कचेरी बंद पडली, पोटात मुंगी होती, आणि आता मी एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर कपडे घेते आणि देते. मुंगीचे बाबा सामान पोचवण्याची गाडी चालवतात, उजाडायच्या आत निघतात. घरात शिकलेली मीच. त्यामुळे शाळेचा प्रश्न आला की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी भिते. नापास होणाऱ्या मुलांच्या आया भितात तशी नाही. पास व्हायचं कसं हे जिला माहीत असतं, तिची भीती वेगळी असते. मला वाटलं, एवढंच ना? शिकवू.

मंगळवारी कामावरून सुटल्यावर मी तिला फर्निचरच्या मोठ्या दुकानात घेऊन गेले. तिथे खऱ्या घरासारख्या खोल्या मांडून ठेवल्या आहेत, तीनच भिंतींच्या, चौथी बाजू गिऱ्हाइकासाठी उघडी. रस्त्यावरून जाताना नेहमी दिसतात. मुंगीला चांगला फ्रॉक घातला. स्वतःच्या पोरीला खोल्या दाखवायला दुकानात न्यायचं, ही अक्कल मलाच सुचली. दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही.

“ही बघ, झोपायची खोली. यात काय काय आहे?”

“पलंग. आरसा. दिवा.”

“पाठ कर. आणि ही?”

“अभ्यासाची खोली.” टेबलावर पुस्तकं रचली होती. मुंगीने एक उचललं, तर ते आतून पोकळ निघालं. नुसता पुठ्ठा. तिने ते परत होतं तसं ठेवलं आणि मला हळूच विचारलं, “इथे कोण राहतं?”

“कोणी नाही. दुकान आहे हे.”

“मग ही झोपायची खोली कशी झाली?”

“मुंगे, प्रश्न नकोत. पाठ कर.”

एवढ्यात विक्रेता आला. त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं, मग हसला. “काही हवंय का मॅडम?”

“बघतोय,” मी म्हटलं.

“बघा ना. मुलीला फक्त गादीवर बसू देऊ नका.”

मुंगी गादीपासून चांगली चार पावलं लांब होती. आम्ही बाहेर पडलो. परतीच्या वाटेवर मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. शेगडी? स्वयंपाकघर. बादली? न्हाणीघर. पुस्तकं? अभ्यासाची खोली. घराच्या जिन्यापर्यंत नऊच्या नऊ जोड्या तिला तोंडपाठ झाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

बुधवारी दुपारी काउंटरवर तो जीव पुन्हा वर आला.

आमच्या कामाचा एक नियम आहे. मालकांनी मला पहिल्याच दिवशी शिकवला. कपडा हातात आला की आधी कॉलरच्या आतली धुण्याच्या सूचनांची पट्टी वाचायची, मग डाग बघायचा. लोक काउंटरवर कपडा टाकतात तो डाग वर करून, बोट ठेवून: हा बघा, हा. आपणही त्या बोटाकडे बघत बसलो तर लोकर उकळत्या पाण्यात जाते. पट्टी आधी, डाग मग. तीन वर्षांत माझ्या हातून एकही कपडा आटलेला नाही.

मुंगी शाळेतून थेट लॉन्ड्रीत येते. माझ्या पायाशी बसून आलेला ढीग वेगळा करते. पांढरे इकडे, रंगीत तिकडे, लोकर टोपलीत, ज्यांचा रंग जातो ते बाजूला, आणि बटण तुटलेलं असेल तर तेवढं माझ्यासमोर. कोणी शिकवलं नाही. त्या दिवशीही ती तेच करत होती आणि तोंडाने पुटपुटत होती, ‘आरसा, झोपायची खोली. ताट, स्वयंपाकघर.’ इस्त्रीवाले भाऊ म्हणाले, “काय गं, घर घेतेस की काय?”

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. संकल्पना अस्पष्ट म्हणे. हिची?

मी पिशवीतून पेपर काढला. दोन दिवस मी त्यावरचा लाल डागच बघत होते. पट्टी वाचलीच नव्हती. वर, अगदी वर, बारीक अक्षरात प्रश्न छापला होता:

‘तुमच्या घरातील वस्तू योग्य खोलीशी जोडा.’

तुमच्या घरातील.

मी तो तीनदा वाचला. समोर गिऱ्हाईक उभं होतं, ते म्हणालं, बाई, पावती देताय ना? मी पावती दिली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण नंबर बरोबर लिहिला. मग खाली बघितलं, तर माझी लेक, जिने विचारलं होतं त्याचं अचूक उत्तर दिलं होतं, ती माझ्या पायाशी बसून चुकीचं उत्तर घोकत होती. आणि घोकायला लावलं होतं मी.

गुरुवारी मालकांकडून तासाची सुट्टी घेतली आणि मुंगीला घेऊन शाळेत गेले.

मुंगीच्या वर्गबाई माझ्याच वयाच्या असतील. राखाडी कोट घालतात, उजव्या बाहीला कायम खडू. तो कोट दर महिन्याला आमच्याकडे येतो. मी तो त्यांच्या हातातून घेते, पावती देते, त्या थँक यू म्हणतात. त्या दिवशी त्यांनी मला ओळखलं नाही. गोड हसून खुर्ची पुढे केली. भिंतीवर नवा तक्ता लावला होता: ‘वंचित घरांतील मुलांना समजून घेताना’. खाली दहा मुद्दे, फुलांच्या आकारात कापून चिकटवलेले.

“बरं झालं आलात,” बाई म्हणाल्या. “पुष्कळ पालक येतच नाहीत. तुम्ही अजिबात वाईट वाटून घेऊ नका हं. आम्ही हे तिच्यासाठीच करतोय. मी नुकतंच प्रशिक्षण घेऊन आले. अशा मुलांना ना, घरी वातावरण नसतं. त्यात त्यांचा दोष नसतो.”

“कसलं वातावरण?”

“म्हणजे, अभ्यासाचं. शांत जागा, टेबल, पुस्तकं. मग साध्या साध्या संकल्पना राहून जातात. ही चाचणी त्यासाठीच आहे. कोणाला जास्त आधार हवाय ते कळतं.”

त्या वाईट बोलत नव्हत्या. वाईट बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. उंटावरून शेळ्या हाकणारं माणूस निदान उंटावर दिसतं तरी. या खाली उतरून, शेळीच्या पाठीवर हात फिरवून तिला खाटकाकडे नेत होत्या.

मी पेपर टेबलावर पसरला. “बाई, वरचा प्रश्न वाचता का जरा? मोठ्याने.”

“तुमच्या घरातील वस्तू योग्य खोलीशी जोडा.”

“आमच्या घरात एक खोली आहे. तिने सगळ्या वस्तू तिच्याशी जोडल्या. यात चुकलं काय?”

बाईंनी पेपराकडे पाहिलं. मग हसल्या, मुलांकडे बघून हसतात तसं. “हो, पण उत्तरपत्रिकेत...”

“उत्तरपत्रिका कोणाच्या घराची आहे?”

“अशी कोणाच्या घराची नसते हो. सर्वसाधारण असते.”

“मग ‘सर्वसाधारण घरातील’ असं लिहायचं. तुम्ही ‘तुमच्या’ लिहिलंत. तिने तुमचं ऐकलं. न ऐकणाऱ्या मुलाला तुम्ही नऊ दिलेत आणि ऐकणाऱ्याला शून्य.”

“आवाज जरा...” बाईंनी दाराकडे पाहिलं. “हे बघा, मला तुमची भावना कळते.”

“भावना नाही सांगत. पेपर तपासा म्हणते आहे.”

त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. गाल लाल झाले होते. “ठीक आहे. मी तिला पुन्हा एक संधी देते. आत्ता, तुमच्यासमोर. कोरा पेपर आहे माझ्याकडे. नीट लावल्या जोड्या तर मी शिफारस मागे घेते. झालं?”

झालं. मला हवं होतं ते समोर आलं होतं. मुंगीला नऊही जोड्या पाठ होत्या. पाच मिनिटांत मी लॉन्ड्रीत परत गेले असते, आणि मुंगी तिच्या बाकावर. खरं सांगायचं तर मी मान डोलावली. एवढ्यावर माझा सगळा राग मी गिळायला तयार झाले होते.

मुंगी पहिल्या बाकावर बसली. पट्टी काढली. पेपरवर बोट ठेवून वरची ओळ वाचली. मग पेन्सिल टेकवली, उचलली. माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे.

“बाई, खरं लिहू की बरोबर?”

बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते.

“म्हणजे काय गं?” बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज तोच होता, पण हसू गेलं होतं.

“आईने बरोबर पाठ करून घेतलंय. दुकानातलं.” मुंगी समजावून सांगायला लागली, मोठ्या माणसांना सांगावं लागतं तसं. “खरं वेगळं आहे. खरं असं आहे की सकाळी आजीची खाट उभी करायची, मग शेगडी मध्ये येते. जेवणं झाली की शेगडी भिंतीला, आणि मग मी अभ्यासाला बसते, तेव्हा बादली पालथी घालायची. तिच्यावर फळी ठेवली की टेबल होतं. दिवा मात्र हलवायचा नाही, त्याची वायर सैल आहे. हे सगळं एका पेपरवर येत नाही. म्हणून मी तेव्हा एकच खोली धरली. बैठकीची, कारण बसणं सगळ्यात होतं.”

बाई उठल्या नाहीत, पण पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, “खरं लिही.”

मुंगीने नऊ रेघा मारल्या. पट्टीने, सरळ, सगळ्या एकाच ठिकाणी. बाईंनी लाल पेन काढलं आणि कोपऱ्यात नऊ लिहिलं, खाली रेघ, खाली नऊ.

“हे मोठ्या बाईंना पटेलच असं नाही,” त्या मला म्हणाल्या.

“पटवू नका. लेखी द्या.” मी संमतिपत्र ओढून घेतलं आणि सहीच्या जागी लिहिलं, ‘संमती नाही. प्रश्नात तुमच्या घरातील असे विचारले आहे. उत्तर बरोबर आहे.’ “खाली तुम्ही लिहा, तपासले म्हणून. तारीख टाका.”

त्यांनी लिहिलं. लिहिताना माझ्या अक्षराकडे बघून थांबल्या. “तुम्हाला मी कुठेतरी पाहिलंय.”

“सत्तेचाळीस नंबर,” मी म्हटलं. “राखाडी कोट. आतला खिसा उसवला होता, मागच्या खेपेला मीच शिवून दिला.”

त्यांनी नकळत खिशाला हात लावला.

त्यांच्या कोपराशी यादी होती. पायाभूत गट, इयत्ता तिसरी, अकरा नावं. मला उलटीकडून वाचता येतं. काउंटरवर बसणाऱ्या सगळ्यांना येतं. मुंगीचं सातवं. दुसरं नाव शिवणवालीच्या धाकटीचं होतं.

“बाकी दहांचे पेपर काढता का?” मी म्हटलं.

“ते मी तुम्हाला दाखवू शकत नाही.”

“मला नका दाखवू. तुम्ही बघा.”

त्यांनी कपाटातून गठ्ठा काढला, माझ्याकडे पाठ करून चाळला. मला पेपर दिसले नाहीत. बाईंची पाठ दिसली. चौथ्या-पाचव्या पेपरला ती वाकली. मग त्या गठ्ठा छातीशी धरून वळल्या.

“सहा जणांचं असंच आहे,” म्हणाल्या. “सगळ्या रेघा एकीकडे. मी एकेक तपासला तेव्हा... उत्तरपत्रिका बाजूला ठेवून तपासत होते ना.” मग, “या मुलांच्या आयांना मी काय सांगू?”

“सांगू नका. विचारा. पण लाल पेन उघडायच्या आधी.”

याहून बरं काही बोलता आलं असतं. नंतर जिन्यावर मला चार वाक्यं सुचली.

सोमवारी चिठ्ठी आली. शाळेचा शिक्का, मोठ्या बाईंची सही. ‘विशेष बाब म्हणून आपल्या पाल्याचे नाव वगळण्यात येत आहे. इतर विद्यार्थ्यांबाबत निर्णय कायम.’ वर्गबाईंनी मागे पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या भांडल्या, पण पालकांची हरकत नसेल तर काही करता येत नाही असं उत्तर मिळालं. संमतिपत्रं सगळ्यांची सही होऊन आली आहेत. मुदत बुधवारपर्यंत वाढवून घेतली आहे.

मुंगीचे बाबा म्हणाले, “चला, सुटलो.” सासूबाईंनी मुंगीच्या पाठीवर, मी धपाटा घातला होता तिथेच, हात फिरवला. मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होते. विशेष बाब. माझी लेक विशेष बाब, कारण तिची आई वरची ओळ वाचू शकते. शिवणवालीने सही केली कारण तिला वाटलं, शाळेने पाठवलंय म्हणजे चांगल्यासाठीच असणार. विचारायचं असतं हेच तिला कोणी सांगितलं नाही. मी शेजारी राहते, मीही नाही. थोरलीच्या वेळी मी तिला म्हटलं होतं, होईल गं सगळं नीट.

मी कागद आणि पेन घेऊन तिच्या दारात गेले. ती मशीनवर होती, तोंडात टाचण्या.

“धाकटीचा पेपर काढ,” मी म्हटलं. “आणि ते सही केलेलं परत मागायचं. मी लिहून देते, तू फक्त सही कर. आधी वाचून मग.”

तिने टाचण्या काढल्या. “आता कशाला? तुझीचं झालं ना?”

ते तिने टोचायला म्हटलं होतं की सहज, मला कळलं नाही. टोचलं मात्र. मी खाली बसले आणि लिहायला लागले. मुंगी माझ्यामागून आली होती. ती आणि धाकटी दोघी पालथ्या बादलीशी बसल्या.

“शेगडी कुठे असते?” धाकटी तिला विचारत होती.

“स्वयंपाकघरात,” मुंगी झटकन म्हणाली. मग जीभ चावली आणि माझ्याकडे बघितलं.

तिचं ते पाठांतर अजून गेलेलं नाही. मी लिहीत राहिले.